सेंद्रिय पालक, बाजारचा पालक आणि सुनेचे हिमोग्लोबिन

गेल्या डिसेंबरात आमच्या सुनेच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात आला तेव्हा तिला चौथा महिना होता आणि हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे कमी होते. डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे असे बजावले आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली. दुसऱ्याच दिवसापासून आमच्या घरी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दुकानातून सेंद्रिय भाजी येऊ लागली. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर 15 रुपयांना मिळणारी पालकाची जुडी तिथे 50 रुपयांना होती, आणि तीही आकाराने लहान. बाळाच्या बाबतीत पैशाकडे पाहायचे नाही, असे मुलाचे म्हणणे होते आणि त्यामागची काळजी मला समजत होती. सुनेने मात्र मला सरळच विचारले, "आई, सेंद्रिय पालकात लोह जास्त असतं ना?"

मी 27 वर्षे माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केले आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण अशा तालुक्यांतून पिशव्यांमध्ये भरून आलेली माती सुकवून, कुटून, चाळून तिच्यातला सेंद्रिय कर्ब (शेण, पालापाचोळा कुजून मातीत येणारा कार्बन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), लोह आणि जस्त मोजणे हाच माझा रोजचा उद्योग होता. जमिनीत काय आहे हे मी सांगू शकत होते. त्या जमिनीतून ताटात काय येते, याचा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. म्हणून त्या रात्री तिला घाईने हो किंवा नाही म्हणाले नाही. पुढचे दोन-तीन महिने मिळेल ते वाचले, जुन्या सहकाऱ्यांशी बोलले, घरी थोडे वजनमापही करून पाहिले, आणि आता जे कळले ते सविस्तर लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला आमच्या सोसायटीतल्या आणखी तिघींनी विचारला आहे.

आधी लोहाचा हिशोब करू, कारण आमच्या घरी प्रश्न तिथूनच निघाला होता. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे पावणेतीन मिलिग्रॅम लोह असते, आणि पालकातल्या लोहाचा फार थोडा भाग शरीरात शोषला जातो. गरोदर स्त्रियांना सरकारी कार्यक्रमातून जी गोळी दिली जाते तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह असते. आता समजा सेंद्रिय पालकात लोह दहा टक्क्यांनी जास्त निघाले, तरी तो फरक 100 ग्रॅममागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. त्याउलट आमच्या घरात प्रत्यक्ष काय झाले होते? भाजी महाग झाल्यामुळे सुनेच्या ताटातली पालेभाजी निम्म्यावर आली होती. पूर्वी दोन जुड्यांची भाजी व्हायची, ती आता एका लहान जुडीची होऊ लागली, आणि उरलेली जागा बटाट्याने भरून काढली. पाव मिलिग्रॅमच्या आशेवर आम्ही दीड-दोन मिलिग्रॅम गमावत होतो, आणि फॉलिक ॲसिड, क जीवनसत्त्व, तंतू हे वेगळेच. कागदावर हा हिशोब मांडून मी सुनेसमोर ठेवला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. चूक तिची नव्हती. "सेंद्रिय म्हणजे जास्त पौष्टिक" हे वाक्य आपण सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही.

मुळात "सेंद्रिय" या शिक्क्याचा अर्थ काय, हे नीट समजून घ्यायला हवे. आपल्याकडे 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे आणि 2017 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे "जैविक भारत" हे चिन्ह आले. या प्रमाणीकरणात शेतात काय वापरले आणि काय वापरले नाही, हे तपासले जाते. हंगामी पिकांच्या जमिनीला पूर्ण सेंद्रिय म्हणवून घेण्याआधी सर्वसाधारणपणे दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. ही शिस्त कडक आहे आणि जे शेतकरी ती पाळतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु हे प्रमाणपत्र पद्धतीचे असते, पोषणमूल्याचे नसते. पालकाच्या जुडीत लोह किती, क जीवनसत्त्व किती, हे त्या प्रमाणीकरणात कोणी मोजलेले नसते.

मग ज्यांनी मोजले त्यांना काय दिसले? 2009 मध्ये लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी पन्नास वर्षांतले 162 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतले 55 अभ्यासच त्यांना समाधानकारक दर्जाचे वाटले, आणि त्यांवरून निघालेला निष्कर्ष असा की बहुतेक पोषक द्रव्यांत सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतीच्या पिकांत फरक दिसत नाही. रासायनिक पिकांत नत्र (नायट्रोजन) जास्त आणि सेंद्रिय पिकांत स्फुरद व आम्लता थोडी जास्त, एवढेच काय ते वेगळेपण. 2012 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेला आढावा दोनशेहून अधिक अभ्यासांवर आधारलेला होता. जीवनसत्त्वांच्या बाबतीत त्यांनाही ठोस फरक सापडला नाही, मात्र सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी असल्याचे त्यांनी नोंदवले. 2014 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 343 शोधनिबंधांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यातले चित्र काहीसे निराळे होते. सेंद्रिय पिकांत फिनॉलिक वर्गातली अँटिऑक्सिडंट द्रव्ये लक्षणीयरीत्या जास्त, कॅडमियम हा घातक जड धातू सरासरी 48 टक्क्यांनी कमी, आणि रासायनिक पद्धतीच्या पिकांत कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण चौपट, असे त्यांना आढळले.

या तीन आढाव्यांत विसंगती आहे असे वरवर वाटते, पण शांतपणे पाहिले तर ती फारशी नाही. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांबाबत सेंद्रियच्या बाजूने मोठा कौल कोणीच दिलेला नाही. नत्र कमी-जास्त असणे, फिनॉलिक द्रव्ये वाढणे आणि फवारणीचे अंश कमी असणे, या तीन ठिकाणी फरक आहे, आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंचे कारण जमिनीतच आहे.

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते आणि ते पिकाला काही दिवसांत मिळते. तेवढेच नत्र चांगल्या कुजलेल्या शेणखतातून द्यायचे तर साधारण चार टन खत लागते आणि तेही एका हंगामात सगळे मोकळे होत नाही. जिवाणू ते हळूहळू सोडतात. नत्र भरपूर आणि झटपट मिळाले की रोप पाने वाढवण्याच्या मागे लागते, पाने रुंद, गर्द आणि पाणीदार होतात. नत्र बेताने मिळाले तर वाढ सावकाश होते आणि रोपाने तयार केलेल्या साखरेचा काही भाग स्वसंरक्षणाच्या द्रव्यांकडे वळतो. कीड आणि ऊन यांना तोंड देण्यासाठी रोप जी द्रव्ये बनवते, ती हीच फिनॉलिक द्रव्ये. पालेभाजीतला थोडा तुरटपणा, थोडा कडवटपणा यांच्याच कुळातून येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शेतावर टोमॅटोचा दहा वर्षांचा प्रयोग झाला होता आणि त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय टोमॅटोत याच वर्गातली दोन द्रव्ये, क्वेर्सेटिन 79 टक्क्यांनी आणि केम्फेरॉल 97 टक्क्यांनी जास्त निघाली. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटली की हा फरक पहिल्या वर्षी एवढा नव्हता. जमिनीतला सेंद्रिय कर्ब साठत गेला, खताची मात्रा कमी करता आली, तसतशी ही द्रव्ये वाढत गेली. म्हणजे फरक पडला तो मातीची घडण बदलल्यामुळे, आणि माती बदलायला वर्षे लागतात.

तरीही ही द्रव्ये म्हणजे जीवनसत्त्वे नव्हेत, त्यांची रोजची ठरलेली गरज अशी काही नसते, आणि सुनेच्या हिमोग्लोबिनशी तर त्यांचा उलटा संबंध आहे. चहातली टॅनिने याच वर्गातली असतात आणि ती लोहाचे शोषण अडवतात. म्हणून जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही आणि पालेभाजीवर लिंबू पिळून घ्यायचे, कारण क जीवनसत्त्वाबरोबर वनस्पतीतले लोह चांगले शोषले जाते, या दोन साध्या सवयींनी जे साधते ते जुडीवरच्या शिक्क्याने साधत नाही.

लोहाविषयी आणखी एक गोष्ट माझ्या नोकरीतल्या अनुभवातून सांगते. आपल्या जिल्ह्यातली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोह एकूण हिशोबाने भरपूर. पण जिथे सामू (पीएच) आठच्या वर आहे आणि चुनखडी जास्त आहे तिथे ते पिकाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पाने दिसली की शेतकरी "केवडा पडला" म्हणतात, तो हाच प्रकार. जस्ताचे तसेच. परीक्षणात जस्त 0.6 पीपीएमच्या (मातीच्या दहा लाख भागांत 0.6 भागाच्या) खाली आले की आम्ही अहवालावर "कमी" असे लिहायचो. अशा जमिनीत उगवलेली मेथी सेंद्रिय असो की रासायनिक, जमिनीत जे मिळण्याजोगे नाही ते पानात येणार कुठून? शेणखताने सूक्ष्म अन्नद्रव्ये पिकाला मिळण्याची सोय सुधारते हे खरे, पण ते मंद काम आहे. भाजीचे वाण कोणते, ती कोणत्या मातीत आणि कोणत्या हंगामात वाढली, किती कोवळी काढली, या गोष्टींमुळे पोषणमूल्यात जेवढा फरक पडतो तेवढा फरक शेतीच्या पद्धतीमुळे क्वचितच पडतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये 43 भाज्या-फळांच्या 1950 आणि 1999 च्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व घटलेले आढळले, आणि त्यांनी प्रामुख्याने बोट ठेवले ते जास्त उत्पन्नासाठी निवडलेल्या वाणांवर. गावठी आणि हायब्रीड यांच्या चवीत जो फरक आपल्या आजीला कळायचा, तो निव्वळ आठवणींचा गोडवा नव्हता.

जानेवारीत मी घरी एक साधी गोष्ट करून पाहिली. दुकानातली सेंद्रिय मेथी आणि बुधवारच्या बाजारातली मेथी, दोन्हींची नुसती पाने खुडून 250-250 ग्रॅम तोलून घेतली आणि दोन सुपांत सावलीत वाळत घातली. बाजारच्या मेथीची पाने मोठी, लुसलुशीत, काळपट हिरवी. सेंद्रिय मेथीची लहान, थोडी जाड, मधूनच भोके पडलेली. चार-पाच दिवसांनी चुरगाळली की कुरकुर आवाज यायला लागला, तेव्हा पुन्हा तोलले. सेंद्रिय मेथी 34 ग्रॅम भरली, बाजारची 29. घरभर वास पसरला होता तो मात्र दोन्हींचा सारखाच. या एका तोलण्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई म्हणून ठामपणे सांगते. वाण वेगळे असू शकते, काढणीच्या आदल्या दिवशी कोणी पाणी दिले असेल, शिवाय एका नमुन्याला अर्थ नसतो. पण "पाणीदार" भाजी म्हणजे काय हे सुनेला त्या दोन सुपांतून जेवढे समजले तेवढे मला शब्दांत सांगता आले नसते. आणि लगेच तिनेच हिशोब केला की पाच ग्रॅमच्या फरकासाठी आपण तिप्पट पैसे मोजतो आहोत.

ताजेपणाची गोष्ट तर याहून मोठी आहे. त्या दुकानातली भाजी रोज येत नसे. आठवड्यातून दोनदा गाडी यायची आणि मधल्या दिवसांत तीच जुडी काचेच्या कपाटात पाणी शिंपडून ठेवलेली असायची. एकदा मी पालक सोडवून पाहिला तेव्हा बांधलेल्या जागी देठ चिकट झाले होते. पालेभाजीतले क जीवनसत्त्व आणि फोलेट (फॉलिक ॲसिडचे नैसर्गिक रूप) काढणीनंतर तासातासाला घटत जातात आणि उष्णतेत फार लवकर जातात. गिरणारे, मखमलाबादकडच्या मळ्यांतून पहाटे काढून सकाळी घाटावर आलेली साधी मेथी पोषणाच्या दृष्टीने तीन दिवसांच्या सेंद्रिय मेथीपेक्षा सरस असते, यात मला शंका नाही. नाशिकची भाजी रात्रीच्या गाड्यांत भरून मुंबईला जाते. आपल्याला ती दारात, दव सुकायच्या आत मिळते, आणि हे आपले भाग्य आपण ओळखत नाही. त्यातही घरी आणल्यावर पालक उकडून त्याचे पाणी ओतून देणे, चिरून मग धुणे, दुपारची भाजी रात्री पुन्हा गरम करणे, या सवयींनी जे जाते ते कोणत्याही खताने भरून येत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग सेंद्रिय भाजी घेऊच नये असे माझे मत आहे. तसे अजिबात नाही. लोहासाठी किंवा जीवनसत्त्वांसाठी ती घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ती घ्यायचे खरे कारण फवारणीचे आहे, आणि ते कारण मला फार गंभीर वाटते.

माझा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षे आणि टोमॅटो करतो. 2010 मध्ये वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती, तो हंगाम आमच्या घराने जवळून पाहिला आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेतली अंशतपासणी हे सारे आता इथल्या बागायतदारांच्या अंगवळणी पडले आहे; कोणत्या औषधानंतर किती दिवस तोडायचे नाही, हे माझा भाऊ तोंडपाठ सांगतो. पण त्याच शिवारातून जी भाजी आपल्या बाजारात येते तिच्या प्रत्येक क्रेटची अशी तपासणी होत नाही. टोमॅटोचा भाव चढला की औषध मारल्यानंतर थांबायचे दिवस पाळण्याची कोणाला सवड राहत नाही. आंतरप्रवाही औषधे पानाच्या आत शिरतात, ती धुतल्याने पूर्ण जात नाहीत. पोटात बाळ असलेल्या स्त्रीने याची काळजी करणे अगदी रास्त आहे.

भावाच्या विहिरीजवळ माझ्या भावजयीने दोन वाफे राखले आहेत. मेथी, पालक, कोथिंबीर, थोडा मुळा, कडेला शेवगा. त्या वाफ्यांना औषध मारायचे नाही आणि युरिया टाकायचा नाही, असा तिचा नियम आहे. "हे घरच्यासाठी" म्हणून. आपल्याकडे कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी असे वाफे असतात. फेब्रुवारीत मी तिथे गेले होते तेव्हा भावाला विचारले की घरच्यासाठी जे करता ते बाजारासाठी का नाही करत? त्याने खुडलेल्या मेथीतले भोक पडलेले एक पान माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "ताई, हे पान बाजारात कोण घेतं? तूच जुडी उलटीपालटी करून बघतेस ना?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी तशीच भाजी घेते. डागी पान नको, आकार एकसारखा हवा, आणि फवारणीही नको, अशी मागणी आपण पंधरा रुपयांच्या जुडीकडून करतो.

त्या दिवशी मी दोन पिशव्या माती घेऊन आले, एक भावजयीच्या वाफ्यातली आणि एक टोमॅटोच्या रानातली. जुन्या सहकाऱ्याकडून परीक्षण करून घेतले. रानातला सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आला, म्हणजे "कमी". वाफ्यातला 0.86, म्हणजे "जास्त". मधले अंतर पंधरा पावलांचे, मूळ जमीन एकच. फरक फक्त वीस वर्षे पडत आलेल्या शेणाचा, राखेचा आणि पालापाचोळ्याचा. जस्तही वाफ्यातच जास्त निघाले.

आमच्या घरी आता असे ठरले आहे: बुधवारी सकाळी लवकर घाटावर जाऊन पालेभाजी घ्यायची, दोन-तीन ठरलेल्या बायकांकडूनच, आणि भोके पडलेली जुडी मुद्दाम मागून घ्यायची. कच्चे खायचे टोमॅटो, काकडी आणि कोथिंबीर सेंद्रिय घ्यायची, तेवढे परवडते. पावसाळ्यात हरसूल, पेठकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायका कुर्डू, फोडशी, करटोली या रानभाज्या घेऊन बसतात, त्यांच्याकडे कसलेही प्रमाणपत्र नसते, पण त्या भाजीला कोणी खत घातलेले नसते आणि औषधही मारलेले नसते. ती हंगामभर घ्यायची. सुनेचे हिमोग्लोबिन मार्चमध्ये 11.1 झाले. त्याचे श्रेय मुख्यत्वे गोळ्यांचे आहे, हे मी तिलाही सांगितले. पालेभाजी आणि लिंबू त्यांच्या जोडीला होते.

परीक्षणाचे दोन्ही कागद मी भावाला पाठवले होते. त्याने फोन करून विचारले की अर्धा एकर रान वाफ्यासारखे करायचे तर शेणखत किती लागेल. मी पाच टन तरी सांगितले. त्याच्याकडे दोन गाई आहेत, त्यांचे वर्षाचे कुजलेले खत तीन-चार टनांच्या पुढे जात नाही, आणि विकतचे शेणखत द्राक्षबागांमुळे मिळेनासे झाले आहे. मग आम्ही फोनवरच उरलेला हिशोब हिरवळीच्या खताने जुळवला. जूनच्या पहिल्या पावसावर त्याने त्या अर्ध्या एकरात ताग पेरला. परवा त्याने फोटो पाठवला, कमरेएवढा झाला आहे. फुलावर आला की गाडायचा आणि दिवाळीच्या आधी तिथे मेथी टाकायची, असे त्याने ठरवले आहे.